१९५० च्या आसपासची अमेरिकन हायस्कुलं : काय शिकवायचे आणि कोण शिकवायचं

शेवंती
परवाच्या "आजकालच्या शाळा" धाग्यावर जी धुमश्चक्री झाली त्यात दोनतीन जणांनी अमेरिकेतल्या पन्नासच्या दशकातल्या हायस्कूलचा दाखला दिला होता, की बघा तिथे डॉक्टर होणारा आणि गॅरेज टाकणारा एकाच शाळेत शिकायचे, शिक्षक कसे देवमाणसं असायचे वगैरे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी बरीच वर्षं आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकजवळ राहते, हा विषय इथे कानावर पडतच असतो, आणि शाळांची जुनी इयरबुकं (दरवर्षीची फोटोपुस्तकं) मिळतील तिथून गोळा करायचं मला वेड आहे. त्यामुळे पोस्ट लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी विषय. नववी ते बारावी, कुठेकुठे दहावी ते बारावी. आपल्यासारखी शेवटी एक बोर्डाची परीक्षा आणि तिच्यावर सगळं आयुष्य टांगलेलं, असं बहुतेक राज्यांत नव्हतंच, न्यूयॉर्कची रीजंट्स परीक्षा सोडा. सगळं चालायचं कार्नेगी युनिटवर. १९०६ पासूनची पद्धत आहे ती, एक विषय वर्षभर रोज एक तास करून साधारण १२० तास भरले की एक युनिट, अशी सोळाएक युनिटं जमली की शाळा पास झाल्याचा डिप्लोमा. गंमत म्हणजे भूमितीचं पण एक युनिट आणि शिवणकामाचं पण एकच.

इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, पीटी हे सगळ्यांना. तिथून पुढे फाटे. कॉलेजला जाणाऱ्यांना लॅटिन, बीजगणित, भूमिती, केमिस्ट्री, फिजिक्स. ऑफिसात लागणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक मुलींना, टायपिंग, शॉर्टहँड, बुककीपिंग. मुलांना वुडशॉप, मेटलशॉप, ऑटोशॉप (म्हणजे सुतारकाम, धातूकाम, गाडीदुरुस्ती), मेकॅनिकल ड्रॉइंग, आणि मुलींना होम इकॉनॉमिक्स, ज्यात स्वयंपाक, शिवण, घरखर्चाची वही, बाळाची काळजी सगळं आलं. खेड्यातल्या शाळेत शेती हा विषय, त्याला १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्राचे पैसे मिळायचे आणि शेतीचे मास्तर गावात भलतेच वजनदार असायचे. ती एफएफएची (शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना) निळी कॉर्डुरॉयची जॅकेटं घातलेली पोरं आजही इकडे जत्रेत बैल घेऊन फिरताना दिसतात. शिवाय बारावीला बऱ्याच शाळांत "प्रॉब्लेम्स ऑफ डेमॉक्रसी" नावाचा पेपर. घटना, निवडणुका, बेकारी, वंशभेद, सगळे प्रश्न त्यात यायचे म्हणे. आता दक्षिणेतल्या निव्वळ गोऱ्यांच्या शाळेत शेवटच्या मुद्द्यावर वर्गात काय चर्चा होत असेल ते तुम्हीच ताडा.

आणि इथेच माझी गाडी अडते. "एकाच शाळेत सगळे" हे वाक्य ऐकायला फार छान आहे. लिटल रॉकचं सेंट्रल हायस्कूल १९२७ साली बांधलं, राजवाडा आहे अक्षरशः. पण ते गोऱ्या मुलांसाठी. काळ्या मुलांसाठी डनबार हायस्कूल, १९२९ चं. एका गावात दोन छपरं. तेव्हा कौतुक करताना कोणाच्या शाळेचं करतोय ते आधी ठरवू या, एवढंच म्हणणं आहे.

मधलीसुट्टी
पैला नंबर माझा!! ताई लेख भारी. एक शंका, ड्रायव्हिंग पण शाळेतच शिकवायचे असं ऐकलंय, ते पण युनिटमधे धरायचे का? आमच्या शाळेत सायकल शिकवली असती तरी मी पहिला आलो असतो.

तिरफळ
हो शिकवायचे. पेन्सिल्व्हेनियात स्टेट कॉलेज गावच्या हायस्कुलात १९३४ च्या सुमाराला एमस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकाने सुरू केलं, त्याला ड्रायव्हर एज्युकेशनचा जनकच मानतात. पुढे ३० तास वर्गात आणि ६ तास प्रत्यक्ष गाडीवर असा हिशोब ठरून गेला. गाडी बहुतेक ठिकाणी गावातला डीलर द्यायचा, फुकट किंवा नाममात्र भाड्याने, कारण पोरगं ज्या गाडीवर शिकलं तीच बापाला घ्यायला लावणार ना! शिक्षकाच्या बाजूला जादा ब्रेक. हे काम बऱ्याचदा फुटबॉलच्या कोचच्या गळ्यात पडायचं. माझ्या मुलीच्या न्यूजर्सीतल्या शाळेत आता फक्त थिअरी आहे, गाडीवरचे सहा तास बाहेर पैसे मोजून. वुडशॉपची खोली पण बंद करून तिथे थ्रीडी प्रिंटर ठेवलेत.

जुनाकंपास
शेवंतीताई, उत्तम विषय. मी महाराष्ट्रात टेक्निकल हायस्कूलला शिकवून रिटायर झालो म्हणून थोडं आपल्याकडचं लिहितो, संबंध आहे म्हणूनच. १९५२ साली भारत सरकारने मुदलियार आयोग नेमला, माध्यमिक शिक्षणासाठी. त्यात दोन परदेशी सभासद होते, एक ऑक्सफर्डचे जॉन ख्रिस्ती आणि दुसरे अमेरिकेतल्या अटलांटाहून आलेले केनेथ रास्ट विल्यम्स. आयोगाने १९५३ च्या अहवालात काय सुचवलं, तर मल्टिपर्पज शाळा! एका छताखाली सात शाखा : मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान. ताईंनी वर दिलेली यादी आणि ही शेजारी ठेवून बघा, सख्ख्या बहिणी वाटतील. पुढे त्या शाळांसाठी शिक्षक घडवायला अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर इथे रीजनल कॉलेजं निघाली, त्यांना ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची मदत होती.

झालं काय, की इमारती झाल्या, लेथ मशिनं आली, माणसं कमी पडली. ज्याला लेथ चालवता येते तो कारखान्यात जाणार, शाळेच्या पगारावर कशाला येईल. आमच्याकडे मुलं कानस घासून माइल्ड स्टीलच्या पट्टीला काटकोन आणायची, सुतारकामात रंधा-पटाशी, आणि ड्रॉइंग तर इतकं पक्कं व्हायचं की पुढे डिप्लोमाला पहिलं वर्ष त्यांना सोपं जायचं. पण आईबापाच्या मनात टेक्निकल म्हणजे इंजिनियरिंगची शिडी. फिटर होण्यासाठी कोणी मुलाला टेक्निकलला घातलं नाही. अमेरिकेत फिटरला समाजात उभं राहायला जागा होती, इकडे ती कधी झाली नाही, योजना त्यातच बारगळली.

मधलीसुट्टी
कंपासकाका, पटाशी म्हटल्यावर अंगठा दुखायला लागला माझा. टायपिंगचं सांगा की कोणीतरी. आपल्याकडे ते शाळेत नाही, गल्लीतल्या इन्स्टिट्यूटमधे, ३० चं सर्टिफिकेट, ४० चं सर्टिफिकेट.

शेवंती
टायपिंग हा तिथला सगळ्यात गर्दीचा वर्ग. इयरबुकात हटकून फोटो असतोच, रॉयल नाहीतर अंडरवुडच्या मशिनांच्या रांगा, किल्ल्यांवरची अक्षरं झाकलेली, समोर भिंतीवर कीबोर्डचा तक्ता, आणि बाई हातात स्टॉपवॉच घेऊन. शॉर्टहँड ग्रेग पद्धतीची, आपल्याकडे पिटमन चालायची तशी तिकडे ग्रेग. मुलगी अठराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडली की सोमवारी इन्शुरन्स कंपनीत कामाला, एका दिवसाचं जादा ट्रेनिंग नको. लोक या विषयाला हसतात पण पोट भरायला शाळेने दिलेली इतकी थेट वस्तू दुसरी नसेल. माझी तक्रार विषयाबद्दल नाहीये. फिजिक्समधे चांगली असलेली मुलगी सुद्धा विषय निवडायचा सल्ला देणाऱ्या काउन्सेलरच्या खोलीतून बाहेर येताना हातात शॉर्टहँडचं पुस्तक घेऊन यायची, तक्रार त्याबद्दल आहे.

ढगफुटी
झालं, आलीच गाडी नेहमीच्या स्टेशनवर. अहो ताई, माझा मुद्दा त्या धाग्यावरही साधा होता आणि अजूनही आहे. तेव्हाचे शिक्षक चांगले होते. विषय येत होता, शिस्त होती, तीस तीस वर्षं एकाच शाळेत, गावात मान. आज इकडे सब्स्टिट्यूट (बदली शिक्षक) शोधत फिरतात शाळा. जे चांगलं होतं त्याला चांगलं म्हणायला काय जातं? प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायलाच हवा का?

शेवंती
ढगफुटी, शिक्षक चांगले होते हे मला शंभर टक्के मान्य आहे. ते शाळेतच का होते, हा माझा प्रश्न आहे.

१९४२ च्या एका पाहणीत ८७ टक्के शिक्षण मंडळं लग्न झालेल्या बाईला नव्याने नोकरीवर घेत नव्हती आणि ७० टक्के मंडळं नोकरीत असताना लग्न केलं की घरी बसवायची. युद्धात पुरुष गेले, माणसं मिळेनात, तेव्हा कुठे हा नियम ढिला पडला आणि पन्नासपर्यंत बहुतेक ठिकाणी गेला. त्याच्यानंतरही दिवस गेले की राजीनामा हे चालूच, क्लीव्हलँडमधे नियम होता की बाळंतपणाच्या पाच महिने आधी बिनपगारी घरी जायचं, तो सुप्रीम कोर्टाने रद्द केला १९७४ साली. म्हणजे इयरबुकात आपल्याला ज्या "मिस अमुक" दिसतात, लॅटिनच्या, गणिताच्या, चाळीस वर्षं एकाच वर्गात, त्यातल्या कितीतरी मिस राहिल्या कारण मिसेस झाल्या असत्या तर वर्ग सुटला असता. गणितात डिग्री घेतलेल्या बाईला १९३५ साली दुसरं होतं काय? इंजिनियर म्हणून कोणी घेतलं नसतं. ती बीजगणित शिकवायला आली आणि शाळेला अत्यंत हुशार बाई स्वस्तात मिळाली.

याचं टोक बघायचं तर वॉशिंग्टनचं डनबार हायस्कूल, लिटल रॉकचं नव्हे, राजधानीतलं. काळ्या मुलांची शाळा, पण तिथे गोऱ्या-काळ्या शिक्षकांना पगार सारखा. कार्टर वुडसन, हार्वर्डचे इतिहासातले पीएचडी, तिथे शिकवून गेले. ईवा डाइक्स रॅडक्लिफच्या पीएचडी, त्याही तिथे. ॲना ज्युलिया कूपर लॅटिन शिकवायच्या, त्यांना पॅरिसच्या सोरबॉनची डॉक्टरेट १९२५ साली मिळाली. पीएचडी झालेली माणसं हायस्कुलात कारण विद्यापीठं दार उघडत नव्हती. शाळा अप्रतिम झाली. रक्तसाठवणीवर काम केलेले डॉ. चार्ल्स ड्रू त्याच शाळेचे विद्यार्थी.

ढगफुटी
वाचलं. डनबारचं माहीत नव्हतं, इंटरेस्टिंग आहे. पण यातून निघतं काय? दारं उघडली हे चांगलंच झालं, कोण नाही म्हणतंय. पण त्या बाईंच्या जागी कोण आलं? तुम्ही म्हणता शाळेला स्वस्तात मिळाली, मग महागात तरी घ्यायची होती ना नंतर. नाही घेतली. म्हणजे माझं म्हणणं तेच राहतं, की शाळेचा तोटा झाला.

तिरफळ
+१ ढगफुटींच्या शेवटच्या वाक्याला. १९५९-६० मधे शाळाशिक्षकाचा सरासरी पगार वर्षाला जेमतेम ५,००० डॉलर होता. न्यूयॉर्कमधे ७ नोव्हेंबर १९६० ला शिक्षक एक दिवस संपावर गेले, कायद्याने बंदी असताना, त्यानंतर तिथे युनियनशी करार करायची पद्धत आली. पण आपण बोलतोय त्या सुवर्णकाळात शिक्षक बिचारे उन्हाळ्यात रंगकाम करायचे, दुकानात उभे राहायचे.

उंबरठा
उशिरा आलो, पण फिजिक्सचा विषय निघालाय तर राहवत नाही. शेवंतीताईंच्या यादीतलं फिजिक्स आणि १९६० नंतरचं फिजिक्स यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आधीचं पुस्तक म्हणजे रेफ्रिजरेटर कसा चालतो, गाडीचं इंजिन कसं चालतं, टेलिफोन कसा चालतो. तेव्हा "लाइफ ॲडजस्टमेंट" नावाची लाट होती. १९४५ साली व्यवसायशिक्षणवाले चार्ल्स प्रॉसर यांनी मांडलं, की २० टक्के मुलं कॉलेजला जाणार, २० टक्के कौशल्याच्या कामाला, उरलेल्या ६० टक्क्यांना दोन्ही नको, त्यांना रोजचं जगणं शिकवा. मग डेटवर कसं वागावं, बजेट कसं करावं असले तास. इतिहासाचे प्राध्यापक आर्थर बेस्टर यांनी १९५३ मधे यावर सडकून टीका केली पण फारसं कोणी हललं नाही.

हलले ४ ऑक्टोबर १९५७ ला, रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला तेव्हा. पुढच्या मार्चमधे लाइफ मासिकाने मॉस्कोतला एक विद्यार्थी आणि शिकागोतला एक विद्यार्थी शेजारी शेजारी छापले, रशियन पोरगा केमिस्ट्रीत बुडालेला आणि अमेरिकन पोरगा टायपिंगच्या वर्गात. त्या अमेरिकन पोराला पुढे आयुष्यभर याचा त्रास झाला असणार. सप्टेंबर १९५८ मधे नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट आला, नावातच डिफेन्स बघा, आणि गणित, विज्ञान, परकीय भाषा, काउन्सेलर सगळ्यांसाठी पैसा सुटला.

खरं काम मात्र स्पुटनिकच्या आधीच सुरू होतं. एमआयटीत जेरॉल्ड झकरायस यांनी १९५६ मधे शाळेतलं फिजिक्स नव्याने मांडायला पीएसएससी हा गट काढला, त्यांचं पुस्तक १९६० चं. मी ते कॉलेजच्या लायब्ररीत पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं की आपण इतकी वर्षं नुसतं पाठ करत होतो. टेपरेकॉर्डर-फ्रीज सगळं बाहेर. लाटा, कण, अणू. रिपल टँकमधे पाण्याच्या लाटा पाडून त्यावरून प्रकाशाचा विचार करायचा. त्यातले उसळत्या चेंडूचे फोटो बेरेनिस ॲबट या मोठ्या फोटोग्राफर बाईंनी काढलेत, फोटोतच अंतर मोजून वेग काढता येतो. पण गोम अशी, की जे मास्तर वीस वर्षं इंजिन शिकवत आले त्यांना हे शिकवणार कोण? मग नॅशनल सायन्स फाउंडेशनने उन्हाळी शिबिरं घेतली, शिक्षकांना भत्ता देऊन. त्याच धर्तीची शिबिरं १९६३ पासून भारतात पण झाली.

जाता जाता, फक्त अभ्यासक्रमाने काही होत नाही याचं उदाहरण म्हणजे ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स. १९५० च्या एकाच बॅचला शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग, दोघांना १९७९ चं नोबेल, अब्दुस सलाम यांच्याबरोबर विभागून. पीएसएससीच्या कितीतरी आधी. परीक्षा घेऊन निवडलेली पोरं एकत्र आली की ती एकमेकांनाच शिकवतात.

जुनाकंपास
उंबरठा सर, पीएसएससीच्या फिल्म आम्ही ट्रेनिंगला पाहिल्यात! प्रोजेक्टर दर दहा मिनिटांनी बंद पडायचा पण ते फिल्ममधले प्राध्यापक इतके रंगून सांगायचे की कोणी उठायचं नाही.

एक विचारतो. ब्रॉन्क्ससारखी निवडक शाळा काढायची की ताईंच्या धाग्यातली सगळ्यांची एक शाळा, यावर तिकडे वाद नाही झाला?

शेवंती
झाला ना. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी बऱ्याच राज्यांतल्या शाळा फिरून १९५९ मधे अहवाल काढला, त्यांचं मत एकच शाळा हवी, पण तीत क्षमतेप्रमाणे विषयवार गट करा, आणि शेवटच्या इयत्तेत किमान १०० तरी मुलं असावीत, नाहीतर फिजिक्सला चार पोरं घेऊन मास्तर कसा परवडणार. त्यानंतर खेड्यातल्या छोट्या शाळा एकत्र करायची मोहीम जोरात चालली. गावाची शाळा गेली की गावाची टीम जाते, बँड जातो, त्यामुळे भांडणं पण तितकीच.

आता सेंट्रलबद्दल लिहायचं राहिलं होतं. १९५७ च्या सप्टेंबरमधे नऊ काळी मुलं तिथे दाखल झाली, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने त्यांच्या रक्षणाला लष्कराची १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते हे, की त्यांना वर्गात बसायची परवानगी होती पण खेळ, बँड, गायनवृंद, काही नाही. अर्नेस्ट ग्रीन त्यातला एकटा बारावीतला, आधीच्या शाळेत बँडमधे वाजवायचा, इथे बंद. मे १९५८ मधे तो डिप्लोमा घ्यायला आला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग प्रेक्षकांत बसले होते. मुलींच्या व्हाइस प्रिन्सिपल एलिझाबेथ हकबी, मूळच्या इंग्रजीच्या शिक्षिका, त्यांचं वर्ष जिन्यात कोणी कोणाला ढकललं याच्या तक्रारी सोडवण्यात गेलं.

पुढच्या वर्षी गव्हर्नर फॉबस यांनी काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकायला नको म्हणून गावातली चारही हायस्कुलं बंद केली. मतदान घेतलं, १९,४७० विरुद्ध ७,५६१, लोकांनीच बंदच्या बाजूने कौल दिला. मुलं नाहीत, पण शिक्षकांचा करार होता म्हणून ते रोज येऊन रिकाम्या वर्गात बसायचे. आणि ऐका, फुटबॉलचे सामने मात्र झाले! शाळा बंद, टीम चालू.

मधलीसुट्टी
काय सांगता!! म्हणजे आपल्याकडे पण शाळा बंद करून गॅदरिंग ठेवायला हरकत नव्हती.

तिरफळ
शेवंती, त्या रिकाम्या वर्गात बसलेल्या शिक्षकांचं पुढे काय झालं? पगार मिळाला का?

शेवंती
पगार मिळाला, पण मे १९५९ मधे नवीच भानगड. शाळांचं बोर्ड सहा जणांचं, तीन काळ्या-गोऱ्यांच्या एकत्रीकरणाबाबत मवाळ, तीन कट्टर विरोधी. एका सभेत मवाळ तिघे उठून गेले, उरलेल्या तिघांनी आमचा कोरम आहे म्हणत ४४ जणांचे करार रद्द करून टाकले, शिक्षक, कर्मचारी सगळे, कारण काय तर हे काळ्या-गोऱ्यांच्या एकत्रीकरणाच्या बाजूचे असल्याचा संशय. यावर मात्र गाव उठलं. जे लोक वर्षभर शाळा बंद असताना गप्प होते ते आपल्या मुलांच्या बाई काढल्या म्हटल्यावर रस्त्यावर आले. २५ मे ला मतदान होऊन ते तिघे बोर्डातून गेले, शिक्षक परत आले, ऑगस्टमधे शाळा उघडल्या. ढगफुटी, गावात शिक्षकांना मान होता हे तुमचं म्हणणं इथे अगदी खरं ठरतं बघा.

पण दक्षिणेत इतरत्र एकत्रीकरण झालं तेव्हा बंद झाली ती बहुतेक काळ्यांची शाळा, आणि काळे शिक्षक घरी गेले. १९५४ ते ६५ मधे १७ राज्यांत मिळून ३८,००० च्या आसपास काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक गेले असा आकडा दिला जातो. त्यांच्यासाठी कुठल्या गावात मतदान झालं नाही.

उंबरठा
सेंट्रलचाच अजून एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय हा धागा अर्धा. स्पुटनिकनंतर जीवशास्त्राची पुस्तकं बदलली आणि उत्क्रांती परत पुस्तकात आली. आर्कान्सात १९२८ चा कायदा, माणूस खालच्या प्राण्यांपासून आला हे शिकवणं गुन्हा, ५०० डॉलरपर्यंत दंड आणि नोकरी जाणार. १९६५ ला लिटल रॉकच्या शाळांनी नवीन पुस्तक लावलं, ज्यात ते प्रकरण आहे. म्हणजे बोर्डाचं पुस्तक शिकवलं तर गुन्हा, नाही शिकवलं तर कामचुकारपणा! सेंट्रलमधे दहावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुझन एपर्सन, वयाने पंचविशीच्या आतल्या, शिक्षक संघटनेच्या पाठिंब्याने कोर्टात गेल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वाक्यांत निकाल देऊन त्यांना हरवलं. १२ नोव्हेंबर १९६८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कायदाच रद्द केला, एकही न्यायाधीश विरोधात नाही.

ढगफुटी
बघा, म्हणजे एक शिक्षिका राज्य सरकारला कोर्टात खेचते आणि तिच्यामागे तिची संघटना उभी राहते. हे १९६५ चं. आज असं कोणी करेल का सांगा.

शेवंती
करतात हो, वर्षाआड एखादी केस असतेच, पुस्तकांवरून नाहीतर इतिहासाच्या धड्यावरून. आमच्याच राज्यात चालू आहेत. त्यावर वेगळा धागा काढते, इथे राजकारण नको, ॲडमिन ओरडतील.

जुनाकंपास
काढाच. आणि ताई, इयरबुकातल्या त्या वर्कशॉपच्या फोटोंचे स्कॅन जमले तर टाका. व्हाइस (काम पकडून ठेवायचे शिकंजे) कुठल्या उंचीला बसवलेत ते बघायचंय, आमच्याकडे आठवीच्या पोरांना ते नेहमी खांद्याला यायचे आणि मी दर वर्षी सुताराकडून फळ्या मागवून पायाखाली द्यायचो.